डाव्या बाजूचा हुंकार

१

ढोकीत कारखान्याचा सकाळचा भोंगा झाला, बालाजीराव डबा घेऊन सायकलवर बसले, की मंजुषाचा शुक्रवार सुरू व्हायचा. सडा, रांगोळी, देवघर, दोन वाती, गूळखोबऱ्याचा नैवेद्य. मग सासूबाईंच्या खाटेशेजारी पाट टाकायचा आणि घरची कहाणी सांगायची. बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या कर्णे लावून जात असायच्या आणि आत ही गाईची, विहिरीची, चुलीची गोष्ट सांगत असायची. तिला त्यात कधी काही विसंगत वाटलं नाही. देवीला दोन्ही ऐकू येतं, असं तिचं म्हणणं.

कहाणीला हुंकार लागतो. ऐकणारीनं प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणायचं. हुंकार आला नाही तर सांगणारीनं पुढचं वाक्य बोलायचं नाही, मग बसावं लागलं तरी बसायचं, असा त्या घराचा दंडक. एकूण सोळा शुक्रवार. आजवरच्या पंधराही शुक्रवारी लेकीनं, अक्षदानं, हुंकार दिला होता. आधी भरल्या पोटानं भिंतीला टेकून, मग मांडीवर पोर घेऊन. अधूनमधून तिचं लक्ष मोबाइलमध्ये जायचं.

"अक्षे, हुंकार."

"हूं. दिला की. सांग तू."

अक्षदाची दोन गरोदरपणं आधी अर्ध्यातच गेली होती. तिसऱ्या वेळी आठव्या महिन्यात ती माहेरी आली, तेव्हा मंजुषानं हे शुक्रवार धरले. पोर सुखरूप झाली, आता दोन महिन्यांची होती, दुधानं गोबरी, दिसेल त्याला हसणारी. घरात असा आनंद की बालाजीराव पाळी संपल्यावर चहाच्या टपरीवर न थांबता सरळ घरी येऊ लागले होते.

राहिलं होतं ते उद्यापन. आणि तिथंच मंजुषाच्या जिवाला घोर होता. कारण कहाणीचा शेवट तिला ठाऊक नव्हता.

ही कहाणी कुठल्या पुस्तकात नाही. ती फक्त सासूबाईंच्या, हरणाबाईंच्या तोंडी. मंजुषा लग्न होऊन आली तेव्हापासून दरवर्षी ऐकत आली, पण कहाणीतली सून रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली की हरणाबाई म्हणायच्या, "मंजे, जा, नैवेद्याचं ताट आण." मंजुषा उठून स्वयंपाकघरात जायची. ताट घेऊन येईपर्यंत कहाणी संपलेली असायची. अठ्ठावीस वर्षं हेच. पुढं काय झालं हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही. सासूबाई होत्याच की सांगायला. दोन वर्षांमागं त्यांना अर्धांगाचा झटका आला, आणि वाचाच गेली. आता डोळे बोलायचे, उजवा हात बोलायचा. तोंड नाही.

पंधराही शुक्रवार मंजुषा उंबऱ्यापर्यंत सांगून थांबली आणि देवापुढं म्हणाली, "पुढचं उद्यापनाला पुरं करीन गं आई." अर्धी कहाणी पोरीच्या नावावर ठेवायची नाही, एवढं एकच तिच्या मनात होतं.

आणि त्याच महिन्यात, सासूबाईंच्या ट्रंकेतली इरकल लुगडी उन्हात घालताना, तळाशी एक कॅसेट सापडली. बालाजीरावांच्या शाळकरी अक्षरात वर लिहिलेलं होतं: शुक्रवारची कहाणी, आई.

२

कॅसेट सापडली, पण ती लावायची कशावर? गावात कुणाकडं टेप उरला नव्हता. अक्षदानं मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर शोधून दोन स्पीकरचा, मधे कॅसेटचा कप्पा असलेला टेप मागवला. विकणारी कोल्हापूरची शिवप्रिया नावाची बाई होती. फोटोत टेप असा चकचकीत की मंजुषानं मोबाइलच्या काचेवरच हळदीकुंकवाचं बोट टेकवलं.

सोमवारी खोकं आलं. आणणाऱ्यानं ते ओट्यावर ठेवलं तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. खोक्याचा डावा कोपरा आत दबला होता, जणू कुणी त्यावर गुडघा टेकून बसलं होतं.

"थांब आई, व्हिडिओ काढते. पुरावा लागतो," अक्षदा म्हणाली.

पोर मंजुषाच्या खांद्यावर, कात्रीही तिच्याच हातात. आत एका वर्तमानपत्राचे चार बोळे, बस्स. डाव्या स्पीकरची जाळी आत गेलेली, कप्प्याच्या झाकणाला कडेपासून कडेपर्यंत तडा, एरियल वाकडी. बालाजीराव नुकतेच पाळीवरून आले होते. कारखान्यात ते फिटर, त्यामुळं मोडलेल्या वस्तूकडं ते वैद्यासारखं बघायचे.

"ह्याला पाठवलंय का फेकलंय?" ते म्हणाले. "नारळसुद्धा गोणपाटात बांधून धाडतेत माणसं."

अक्षदानं फोटो पाठवले. शिवप्रियाचा फोनच आला. बिचारी रडवेली झाली होती. "काकू, मी पॅक केला तेव्हा दोन्ही स्पीकर चालू होते हो. माझ्या बाबांचा आहे तो. तुम्ही परत पाठवा, मी कुरिअरकडं तक्रार करते. शुक्रवारी ते न्यायला येतील. त्या दिवशी दिला नाही तर तक्रार बंद होते म्हणतायत."

"शुक्रवारी आमचं उद्यापन आहे गं बाई," मंजुषा म्हणाली. "संध्याकाळी यायला सांग. तोवर मला त्याच्याकडनं एक काम करून घ्यायचंय."

"चालतोय का पण?"

"देवीला ठाऊक," मंजुषा म्हणाली. आणि दोघी, एकमेकींना न बघितलेल्या, फोनवर हसल्या.

३

तो चालला.

बालाजीरावांनी वायर खोचली, कॅसेट घातली, तडकलेलं झाकण बोटानं दाबून धरलं. आधी खरखर. मग उजव्या बाजूनं एक ठसठशीत, जात्यावरच्या बाईचा असावा तसा आवाज खोलीभर पसरला.

"ऐक गं बाई शुक्रवारची कहाणी. एक होतं गाव, गावात होती एक सून. सुनेला आली कहाणी, पर ऐकायला कुणी न्हाय."

खाटेवर हरणाबाईंचा उजवा हात वर झाला. स्वतःचाच आवाज त्यांनी दोन वर्षांनी ऐकला होता. डोळ्यांतून पाणी आणि अर्ध्या तोंडावर हसू. बालाजीराव खिडकीकडं वळून उगीच गजांची धूळ पुसू लागले. अक्षदा म्हणाली, "आजी, काय आवाज होता गं तुझा," आणि तिनं तो वर आलेला हात हातात घेतला. मंजुषाला वाटलं, पाच सवाष्णींना काय, अख्ख्या गल्लीला जेवायला घालावं.

डावा स्पीकर मात्र मुका. बालाजीरावांनी कान लावून बघितलं. "मेलाय ह्यो. एका बाजूवरच भागवा."

टेपवर हरणाबाईंनी दर वाक्यानंतर जागा सोडली होती, हुंकाराची. त्या जागेत मंजुषाच्या तोंडून आपसूक "हूं" गेलं. टेपमधला आवाज पुढं सरकला.

"ती गेली गाईकडं. गाय म्हणाली, माझं वासरू भुकेलं, मला न्हाय सवड."

"हूं."

"गेली विहिरीकडं. विहीर म्हणाली, माझ्यावर मोट चाललीय, मला न्हाय सवड."

एवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. मंजुषा धावली. गॅस बंद केला, कट्टा पुसला, भांडं खाली उतरवलं, हात धुतले. परत आली तेव्हा सगळे टेपकडं बघत होते. टेप चालू होता. कप्प्यातली दोन्ही चाकं फिरत होती. आवाज नव्हता.

"बिघडला का?"

"काय की," बालाजीराव म्हणाले. "तू गेल्यापास्नं असाच."

"अगं बाई," असं म्हणत मंजुषा पाटावर बसली, आणि बसता बसता सवयीनं म्हणाली, "हूं."

"गेली चुलीकडं," टेपमधल्या हरणाबाई म्हणाल्या.

बालाजीराव हसले. "ट्रकमधी आपटलाय, पट्टा घसरत असंल आतला. धरतोय, सोडतोय."

ते पटण्यासारखं होतं. मंजुषाला पटलंही. त्यांनी तिथंच बटण दाबून टेप बंद केला, उद्यापनाआधी झिजायला नको म्हणून. फक्त रात्री भाकरी थापताना तिच्या मनात येऊन गेलं, की पट्टा घसरला तर चाकं थांबायला हवी होती. ती तर फिरत होती.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्षदा न्हायला गेली होती, पोर झोळीत झोपली होती, हरणाबाईंचाही डोळा लागला होता. मंजुषानं गहू निवडायचं ताट बाजूला ठेवलं आणि टेप लावला.

तिला फक्त शेवट ऐकायचा होता, बाकी काही नाही. असं ती स्वतःला म्हणाली.

ती हुंकार देत गेली, कहाणी पुढं जात राहिली. गाय झाली, विहीर झाली. चुलीपाशी तिनं मुद्दाम तोंड मिटलं.

"चूल म्हणाली, माझ्या पोटात आग, मला कसली कहाणी."

जागा आली. मंजुषा गप्प. चाकं फिरत होती. तिनं मनात दहा मोजले, मग वीस. अंगणात कुणाची तरी कोंबडी आली, दाणे टिपून गेली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढं सरकल्याचं तिनं डोळ्यांनी बघितलं. मिटलेल्या ओठांना घाम आला. टेपमधून खरखरसुद्धा येत नव्हती. कुणीतरी श्वास धरून बसावं तशी शांतता होती ती, आणि ती उजव्या बाजूनं येत होती, सासूबाईंच्या बाजूनं.

पट्टा, ती मनात म्हणाली. पट्टाच तो.

मग दबलेल्या जाळीच्या आत, डाव्या बाजूला, काहीतरी खुळखुळलं. आणि कुणीतरी म्हणालं, "हूं."

बाईचा होता हुंकार. सावकाश, जाड, मायेचा. कामाला हात चालू ठेवून ऐकणारी बाई देते तसा.

"मग ती गावाबाहेर गेली," हरणाबाई लगेच पुढं बोलल्या, थांबल्याच नसाव्यात अशा. "तिथं होतं एक रिकामं घर."

मंजुषानं बटण दाबायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. भीती वाटली, हे खरं. पण त्याच्याबरोबरच एक चमत्कारिक गोष्ट वाटली, जी तिनं पुढं कुणालाच सांगितली नाही. तिला वाटलं, बरं झालं बाई, कुणीतरी आहे.

"हूं," डावी बाजू म्हणाली.

"सून उंबऱ्यावर बसली. बसली आणि म्हणाली," आणि इथं हरणाबाईंचा आवाज बदलला, रोजचा, घरातला झाला. "अगं, नैवेद्याचं ताट आणा कुणीतरी."

खट. बटण आपोआप वर आलं. मंजुषानं कॅसेट काढून हातात धरली. एका बाजूची फीत संपली होती.

तिनं दुसरी बाजू लावून बघितली. कोरी. पाच मिनिटं ऐकली, दहा मिनिटं ऐकली. कोरीच.

५

बुधवारी ती एसटीनं धाराशिवला गेली, टेप गोधडीत बांधून, मांडीवर घेऊन. कंडक्टरनं विचारलं, "लेकराचं अर्धं तिकीट फाडू का मावशी?" बाजूच्या बाया हसल्या, तीही हसली. ओझं तसंच धरलं होतं तिनं, लेकरासारखं.

शांतलिंग मिस्त्रीचं दुकान बसस्टँडमागच्या बोळात. उद्बत्तीचा आणि कथलाचा एकत्र वास. लग्नातले कर्णे, देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांच्या मेळ्याचे माइक, सगळं त्याच्याकडंच दुरुस्त व्हायचं. त्यानं मागचे स्क्रू काढले, आत टॉर्च मारला आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"ताई, ह्याचं लोहचुंबक सुटून खाली पडलंय. तेच खुळखुळतंय. तारा दोन्ही तुटल्यात. आतला कागदी कोन फाटलाय. डावी बाजू म्हणजे नुसतं खोकं राहिलंय बघा."

"म्हणजे त्यातून आवाज येणार नाही?"

"तुमी त्याच्यात तोंड घालून बोलला तर यील."

"आणि पट्टा?"

त्यानं बोटानं पट्टा ताणून दाखवला. "नवा असल्यागत हाय. कुणीतरी हौसेनं बदललाय." मग त्यानं कॅसेट आपल्या दुकानातल्या टेपवर लावली. तिथं ती सरळ चालली. गाय, विहीर, चूल, रिकामं घर, मधे हुंकारापुरत्या छोट्या जागा, कुठं थांबणं नाही. शेवटी ताटाचं वाक्य, खट. "एवढीच हाय. पुढलं भरलंच न्हाय. डावा स्पीकर बसवून देऊ का? जुना पडलाय माझ्याकडं, तासाचं काम."

मंजुषा व्हय म्हणणार होती. घरून निघताना तेच ठरवून आली होती.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या तसाच."

शांतलिंगनं खांदे उडवले, चहा मागवला. तिनं टेप पुन्हा गोधडीत बांधला. परतीच्या गाडीत तिच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी होत्या. परवा उद्यापन होतं, आणि शेवट जगात कुठंच नव्हता.

ओट्यावर शेजारच्या कडूबाई बसल्या होत्या, शुक्रवारच्या पाच सवाष्णींतल्या सर्वांत वडील. मंजुषानं सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "मावशी, आमच्या आत्या कहाणी सांगायच्या तवा हुंकार कोण द्यायचं हो? मी यायच्या आधी."

"गौराबाई. हरणाची थोरली जाऊ. त्या दोघींचं लई होतं. एकीनं सांगावं, दुसरीनं पीठ मळता मळता हूं म्हणावं." कडूबाईंनी तोंडातली सुपारी गालात सारली. "ती गेली, तवा हरणा म्हणली, आता कुणाला सांगू? दोन वर्सं न्हाय सांगितली कहाणी. मग तुझ्या नवऱ्यानं, बाळूनं, शाळेतनं कुणाचा तरी टेप आणला आन् म्हणला, आई, ह्येला सांग."

मंजुषानं पुढं विचारलं नाही. घरात गेली आणि पुरणासाठी डाळ भिजत घातली. जे विचारायचं नाही ते डाळीबरोबर पाण्यात ठेवता येतं, निदान सकाळपर्यंत.

६

शुक्रवारी घर असं भरलं की चपलांना ओटा पुरेना. पुरणाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला होता. अक्षदा नवी पैठणी नेसून मिरवत होती, पोरीच्या डोक्याला कुंची, हातात काळे मणी. बालाजीरावांनी रजा टाकली होती आणि दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात डोकावून "काही पायजे का?" असं विचारून भजं उचलत होते.

"तुमचं उद्यापन भज्यांतच झालं," कडूबाई म्हणाल्या.

मंजुषानं पाच पाट मांडले, पाच सवाष्णींचे पाय हळदीच्या पाण्यानं धुतले, पुसले, कुंकू लावलं, ओट्या भरल्या. मग देवापुढं टेप ठेवला, खाटेजवळ, हरणाबाईंना दिसेल असा. डाव्या बाजूला भिंतीपर्यंत हातभर मोकळी जागा राहिली. कुणी तिथं बसलं नाही. का बसलं नाही, हे कुणाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

कहाणी लागली. बायका रंगून हुंकार देऊ लागल्या, पाच-सहा तोंडांचा एकच हूं, आणि हरणाबाईंचा आवाज त्यावर तरंगत पुढं जाऊ लागला. कुठं अडणं नाही, थांबणं नाही. मंजुषा हात जोडून बसली होती आणि मनात एकच म्हणत होती, आई, अर्धी नको, माझ्या लेकीच्या पोरीला अर्धी नको.

"सून उंबऱ्यावर बसली. बसली आणि म्हणाली, अगं, नैवेद्याचं ताट आणा कुणीतरी."

"मी आणते," म्हणून अक्षदा चटकन उठली, पोर आईच्या मांडीवर दिली आणि पैठणी सावरत स्वयंपाकघराकडं गेली.

खट.

बायकांना वाटलं झाली कहाणी. कुणी पदर सावरला, कुणी अक्षता टाकायला हात वर केला. हरणाबाई मात्र खाटेवरून मंजुषाकडं बघत होत्या. त्या नजरेत विचारणं नव्हतं. वाट बघणं होतं.

मंजुषानं तोंड उघडलं. "म्हणाली," एवढंच आलं. पुढं काळोख. तिचे कान तापले. सोळा शुक्रवार, आणि ही एवढी उघडी राहिलेली ओळ.

"हूं," डाव्या बाजूनं कुणीतरी म्हणालं.

टेप बंद होता. वायर बालाजीरावांच्या पायाखाली मोकळी पडलेली तिला दिसत होती. त्यांनी बटण वर येताच ती काढली होती. आणि त्या हुंकारानं, विहिरीतून कळशी वर यावी तसं, वाक्य तिच्या तोंडात आलं.

"म्हणाली, घरा घरा, तू तरी ऐक. घर रिकामं. दार नाही, दिवा नाही. पण आतून आलं, हूं."

"हूं."

"सून म्हणाली, आत कोण आहे? आतून आलं, तू सांगत राहा, मी आहे. तू थांबलीस तर मी कुठं जाऊ?"

"हूं."

हे तिला ठाऊक नव्हतं. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तरी प्रत्येक हुंकारामागून पुढचं वाक्य येत होतं, आणि तिचा आवाज जड होत होता, ठसठशीत, जात्यावरच्या बाईचा असावा तसा. बायकांनी हात खाली घेतले. त्यांना वाटत असावं, हुंकार आपल्यातलीच कुणीतरी देते. मंजुषानं एक एक तोंड बघितलं. सगळ्यांची मिटलेली.

मग तिनं डावीकडं बघितलं. बघायचं नव्हतं, तरी बघितलं. भिंतीपर्यंतच्या त्या हातभर मोकळ्या, कोरड्या फरशीवर दोन पावलं उमटलेली होती. ओली, हळदीची, शेजारी शेजारी, बोटं तिच्याकडं केलेली. कुणीतरी उकिडवं बसावं तशी, टाचांपेक्षा चवडे गडद.

तिनं पाचच जणींचे पाय धुतले होते.

"मग सून रोज सांगू लागली," मंजुषा म्हणाली, कारण थांबणं आता तिच्या हातात नव्हतं, आणि खरं तर तिला थांबायचंही नव्हतं. "रिकाम्या घराला दार आलं, दारात दिवा आला, आढ्याला पाळणा आला. एके दिवशी हुंकार उंबऱ्याबाहेर आला आणि सुनेच्या पदराखाली बसला. तिची कूस राखली तशी आमची राख. कहाणी सांगणारीची, हुंकार ऐकणारीचा, घर दोघींचं."

या वेळी डावीकडून काही आलं नाही.

हरणाबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या अर्ध्या तोंडावर असं पुरं हसू मंजुषानं दोन वर्षांत बघितलं नव्हतं. बायकांनी अक्षता टाकल्या. अक्षदा ताट घेऊन आली, ते टेकवायला वाकली आणि म्हणाली, "आई, इथं पाणी सांडलंय बघ." आणि पायानंच फडकं ओढून तिनं फरशी पुसून घेतली.

७

संध्याकाळी कुरिअरवाला आला. मंजुषानं त्याला आधी पुरणपोळी खाऊ घातली, मग टेप लावून दाखवला, तक्रारीत लिहिल्याप्रमाणं उजवा चालू, डावा बंद, हे त्यानं बघावं म्हणून. कहाणी लागली. ती सरळ चालली, हुंकाराची वाट न बघता. मंजुषा मुद्दाम गप्प बसली होती. डावीकडून फक्त ते सुटलेलं लोहचुंबक खुळखुळलं, खोकं हलवल्यावर खुळखुळावं तसं.

तिनं कॅसेट काढून घेतली. टेप जुन्या लुगड्यात गुंडाळला, भोवती गोधडीच्या चिंध्या ठासल्या, कोपऱ्यांना पुठ्ठे लावले, सुतळीनं चारी बाजूंनी बांधला. निरोप देताना त्यावर हळदकुंकू लावलं. कुरिअरवाल्याला हसू आलं, पण त्यानं खोकं दोन्ही हातांनी उचललं. अक्षदानं बांधणीचा फोटो शिवप्रियाला पाठवला. तिचं उत्तर आलं: "काकू, पॅकिंग करायला मी तुमच्याकडं शिकायला येते."

दिवेलागण झाली. बालाजीराव खुर्चीतच पेंगले होते. अक्षदा पैठणीची घडी घालत होती.

"आई, शेवट काय होता गं? मी नेमकी ताटाला गेले."

"पुढच्या वर्षी ऐक," मंजुषा म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

अक्षदा आत गेली. मंजुषा देवघरापुढं पोरीला मांडीवर घेऊन बसली. पोट भरलेलं, डोळे टक्क उघडे, समईच्या दोन वाती त्यांत. सकाळपर्यंत विसरायला नको, म्हणून मंजुषानं हळूच सुरुवात केली.

"ऐक गं बाई शुक्रवारची कहाणी. एक होतं गाव, गावात होती एक सून."

"हूं," पोर म्हणाली.

मंजुषा हसली. दोन महिन्यांचं लेकरू आता हुंकार द्यायला लागणारच. अक्षदासुद्धा ह्याच वयात द्यायची. तिनं पोरीच्या गालाचा मुका घेतला.

"सुनेला आली कहाणी, पण ऐकायला कुणी नाही."

"हूं."

मंजुषा तिसरं वाक्य बोलली नाही. ओठ मिटले आणि बघत राहिली. पोरही बघत राहिली. हात हलले नाहीत, पाय हलले नाहीत, पापणी लवली नाही. समईची एक वात तडतडली. खाटेवरून हरणाबाई दोघींकडं बघत होत्या, अगदी निवांत.

मग पोरीचे इवले ओठ गोल झाले आणि आतून, सावकाश, जाड, मायेचा, कामाला हात चालू ठेवून ऐकणाऱ्या बाईचा आवाज आला.

"हूं?"

मंजुषाच्या अंगावर सर्रकन काटा आला. काटा उतरेपर्यंत ती तशीच बसली. पोर गरम होती, जड होती, तिला दुधाचा वास येत होता, आणि ती वाट बघत होती.

मंजुषानं पदर ओढून तिच्या अंगावर घातला, नीट खोचला, वारा लागू नये असा.

"ती गेली गाईकडं," ती म्हणाली.